डेव्हीचा हास्यवायु आणि त्याचे साक्षीदार

शास्त्रज्ञानें नवें औषध प्रथम स्वतः घेऊन पाहिलें, असें ऐकलें कीं ऐकणाऱ्याच्या मनांत आदर उत्पन्न होतो, आणि तो योग्यच आहे. दुसऱ्याच्या जिवाशीं खेळण्यापेक्षां स्वतःचा जीव पणाला लावणारा मनुष्य केव्हांहि थोर. परंतु हा आदर पुष्कळदां इतक्या घाईनें उत्पन्न होतो कीं त्यामागून येणारे प्रश्न विचारावयाचे राहूनच जातात. देह ज्याचा त्याचा हें खरें. पण प्रयोगाचें फळ सर्वांचें असतें, तेव्हां त्या फळाची पारख कोणी करावी? ज्याच्या डोक्यांत औषध भिनलें आहे त्याचीच साक्ष कितपत धरावी? आणि स्वतःच्या धाडसानें भारावलेला मनुष्य मित्रांना, पाहुण्यांना व रोग्यांना त्याच वाटेनें नेऊं लागला, म्हणजे त्या धाडसाला धाडसच म्हणावयाचें काय? या प्रश्नांचा विचार करावयास १७९९ सालच्या ब्रिस्टल शहराइतकें सोयीचें ठिकाण दुसरें क्वचितच सांपडेल. तेथें एका तरुण रसायनशास्त्रज्ञानें आणि पुढें इंग्रजी साहित्यांत नांव झालेल्या दोन कवींनीं एकाच वायूचा अनुभव घेतला, आणि त्या अनुभवाचीं टिपणें रसायनशास्त्राच्या एका जाडजूड ग्रंथांत छापलीं गेलीं.

इंग्लंडच्या पश्चिम भागांत एव्हन नदीच्या कांठीं ब्रिस्टल हें जुनें बंदर आहे. त्याच्या लगत हॉटवेल्स येथें कोमट पाण्याचा एक झरा असे, व त्याच्या आशेनें दूरदूरचे क्षयरोगी तेथें येऊन राहत. बरे थोडेच होत. पुष्कळांचा शेवट तेथेंच होई. याच वस्तींत डॉक्टर टॉमस बेडोज यांनीं आपलें बिऱ्हाड थाटलें. हे पूर्वीं ऑक्सफर्ड येथें रसायनशास्त्र शिकवीत असत. परंतु फ्रेंच राज्यक्रांतीविषयींची आपली सहानुभूति त्यांनीं झांकून ठेवली नाहीं, आणि १७९३ सालीं त्यांनीं तें विद्यापीठ सोडलें. हवा हा एकच पदार्थ नसून तींत निरनिराळे वायु असतात, हें त्या पिढीनें नुकतेंच शिकून घेतलें होतें. बेडोज यांचा तर्क सरळ होता: रोग फुप्फुसांत आहे, तर औषधहि फुप्फुसांतूनच गेलें पाहिजे. वाफेच्या यंत्रामुळें प्रसिद्धि पावलेला जेम्स वॉट याची मुलगी १७९४ सालीं क्षयानें वारली होती. त्या दुःखांत त्यानें वायु तयार करण्याचीं व सांठविण्याचीं उपकरणें बेडोज यांच्यासाठीं रचून दिलीं. चिनी मातीच्या भांड्यांचे कारखानदार वेजवूड यांच्या घराण्यानें पैसा पुरविला. अशा रीतीनें मार्च १७९९ मध्यें डाउरी स्क्वेअर येथें ‘न्यूमॅटिक इन्स्टिट्यूशन’, म्हणजे वायुचिकित्सालय, सुरू झालें. गरिबांना तेथें उपचार फुकट मिळत.

या संस्थेच्या प्रयोगशाळेचा भार ज्याच्यावर सोंपविला होता, त्या हंफ्री डेव्हीस तेथें आला तेव्हां विसावें वर्षहि पुरें झालें नव्हतें. तो कॉर्नवॉल परगण्यांतील पेंझन्स गांवचा. वडील लांकडावर नक्षीकाम करणारे. ते १७९४ सालीं वारले व घरीं कर्ज राहिलें. पुढच्याच वर्षीं मुलगा गांवांतल्या एका शस्त्रवैद्याकडे उमेदवारीस राहिला. विद्यापीठ त्यानें पाहिलें नव्हतें. पुस्तकें वाचून आणि घरांतल्या कपबशा व बाटल्या जमवून तो रसायन शिकला. तो कविताहि करीत असे, व त्यांतील कांहीं रॉबर्ट सदी या कवीनें १७९९ सालच्या आपल्या संग्रहांत घेतल्या. कविता व रसायन हीं दोन वेगळीं शास्त्रें आहेत असें त्या काळच्या ब्रिस्टलमध्यें कोणाला वाटत नव्हतें, ही गोष्ट येथें ध्यानांत ठेवावी. वर्ड्स्वर्थनें १८०० सालीं आपल्या काव्यसंग्रहाच्या दुसऱ्या आवृत्तीचें हस्तलिखित विरामचिन्हें तपासण्यासाठीं याच डेव्हीकडे पाठविलें, आणि तेंहि डेव्हीची प्रत्यक्ष गांठ पडण्यापूर्वीं!

डेव्हीचें लक्ष ज्या वायूकडे गेलें त्याला आज नायट्रस ऑक्साइड म्हणतात, व बोलण्यांत हास्यवायु. प्रीस्टली यानें तो १७७२ सालीं प्रथम तयार केला. पुढें न्यू यॉर्क येथील डॉक्टर मिचिल यांनीं असा सिद्धांत मांडला कीं हा वायु म्हणजेच सांथीच्या रोगांचें बीज. तो अंगास लागला किंवा श्वासांत गेला तर मनुष्य घोर रोगानें पछाडला जाईल. डेव्हीला हें पटलें नाहीं. पेंझन्स येथें असतांनाच त्यानें या वायूचा थोडा श्वास घेऊन पाहिला होता, व त्याचें कांहींहि वाईट झालें नव्हतें. आतां एप्रिल १७९९ मध्यें तो वायु शुद्ध स्वरूपांत काढण्याची रीत त्याला साधली. अमोनियम नायट्रेट हळू तापवावयाचें, निघालेला वायु पाण्यांतून नेऊन स्वच्छ करावयाचा, आणि तेल लावलेल्या रेशमी पिशवींत भरून नळीनें ओढावयाचा. एका वेळीं चार क्वार्ट, म्हणजे सुमारें चार लिटर वायु त्यानें अशा रीतीनें ओढला. प्रथम डोकें जड झालें. मग छातींत व हातापायांत एक सुखद झिणझिणी पसरली, भोंवतालच्या वस्तु झगझगूं लागल्या, कान तीक्ष्ण झाले, आणि शेवटीं हंसणें व नाचणें आवरेना.

येथवर डेव्हीच्या वागण्यांत दोष काढण्यास जागा नाहीं. एका प्रसिद्ध वैद्याचें मत होतें कीं हा वायु मारक आहे. त्याच संस्थेच्या दारांत रोगी आशेनें उभे होते. मग प्रथम कोणाच्या छातींत तो जावा? त्यानें स्वतःची छाती पुढें केली. याच न्यायानें पुढें मुंबईंत एक प्रयोग झाला. १८९६ सालीं प्लेगनें शहर हादरलें असतां डॉक्टर हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा खोलींत प्लेगची लस तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजीं ती स्वतःला टोंचून घेतली, आणि मगच त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत स्वखुशीनें पुढें आलेल्या कैद्यांना दिली. कैद्याची स्वखुशी किती मोकळी असते, हा प्रश्न तेथेंहि उरतोच. परंतु आधीं आपण व मग इतर, हा क्रम हाफकिननीं पाळला, आणि डेव्हीनेंहि आरंभीं तोच पाळला होता.

आतां कवि या कथेंत कसे आले तें पाहूं. उष्णता मोजावयास थर्मामीटर होता, वजनाला तराजू होता, नाडी मोजावयास घड्याळ होतें. पण मनांत काय झालें हें मोजावयाचें साधन कोणतें? डेव्हीला स्वतःलाच शब्द अपुरे पडत. तेव्हां ज्यांचा धंदाच शब्दांचा, अशा मंडळींना त्यानें पिशवी दिली व जें वाटेल तें लिहून मागितलें. ही कल्पना त्या काळाच्या मानानें मोठी धीट होती, आणि ती निव्वळ गंमत नव्हती. कवीची भाषा हें येथें एक उपकरण झालें. सदीनें जुलै १७९९ मध्यें आपल्या भावाला पत्र लिहून कळविलें कीं डेव्हीनें एक नवें सुख शोधून काढलें आहे व त्याला भाषेंत नांवच नाहीं. स्वर्गांतील हवा बहुधा याच वायूची असावी, अशी थट्टाहि त्यानें केली. कोलरिज ऑक्टोबर १७९९ मध्यें ब्रिस्टलला आला, डेव्हीशीं त्याची मैत्री जमली, आणि त्यानेंहि पिशवी तोंडाला लावली.

कोलरिजच्या साक्षीची एक मौज आहे. पुढें ज्याच्या नांवाभोंवतीं स्वप्नें आणि अफू यांचें वलय जमलें, त्या कवीनें येथें अगदीं मोजून मापून लिहिलें आहे. बर्फांतून फिरून आल्यावर उबदार खोलींत शिरावें तशी ऊब सर्वांगांत वाटली. भोंवतालीं उभे राहून आपल्याकडे टक लावून पाहणाऱ्या लोकांना पाहून हंसूं आलें. दुसऱ्या एका वेळीं दूरच्या झाडांवर नजर खिळविली तेव्हां तीं अंधुक होत गेलीं. एवढेंच. स्वर्ग नाहीं, गंधर्व नाहींत. उलट त्या ग्रंथांतील सर्वांत सुंदर उपमा कवीची नाहींच. संस्थेंत उपचार घेणाऱ्या एका साध्या रोग्याला कसें वाटलें म्हणून विचारलें, तेव्हां त्यानें सांगितलें कीं आपण जणूं हार्प या तंतुवाद्याचा नाद झालों असें वाटलें. शब्दांचे अधिकारी नेमतांना ही गोष्ट डेव्हीच्या ध्यानांत आली असेल काय?

साक्षी फसव्या असूं शकतात हें डेव्हीला कळत होतें, आणि हें त्याच्या बाजूनें आवर्जून सांगितलें पाहिजे. वेजवूड बंधूंपैकीं एकाला त्यानें न सांगतां प्रथम साध्या हवेची पिशवी दिली. त्यांतून कांहींहि परिणाम झाला नाहीं असें त्या गृहस्थानें सांगितलें, आणि मग खरा वायु दिला तेव्हां मात्र त्याची शंका फिटली. कल्पनेचा भाग कोणता आणि वायूचा कोणता, हें निवडण्याची ही रीत आजच्या वैद्यकांत नित्याची आहे. १७९९ सालीं ती नवी होती. पीटर मार्क रॉजे हा तरुण डॉक्टरहि साक्षीदारांत होता. तोच पुढें इंग्रजी शब्दांच्या प्रसिद्ध कोशाचा कर्ता झाला. त्याला या वायूचें सुख मुळींच लाभलें नाहीं. भोंवळ तेवढी आली. त्याचीहि साक्ष डेव्हीनें गाळली नाहीं. आपल्या शोधाचा डंका वाजवूं पाहणाऱ्यानें ती सहज गाळली असती.

पण ज्याला साध्या हवेच्या पिशवीनें फसवितां येत नव्हतें असा साक्षीदार एकच होता, आणि तो म्हणजे डेव्ही स्वतः. पिशवी त्यानेंच भरलेली, वायु त्यानेंच काढलेला. आंत काय आहे तें त्याला अगोदरच ठाऊक. ही उणीव केवळ तर्काची नाहीं. मे ते जुलै या महिन्यांत तो कधीं आठवडाभर रोज तीन चार वेळां, तर कधीं आठवड्यांतून चार पांच वेळां वायु ओढीत असे. दुसरा कोणी वायु घेतांना दिसला, किंबहुना नुसती पिशवी दृष्टीस पडली, तरी आपल्याला तो घेण्याची इच्छा होते, अशी कबुली त्यानें ग्रंथांत दिली आहे. इतकी प्रामाणिक कबुली फार थोड्या शास्त्रग्रंथांत असेल. परंतु ज्याला ही ओढ लागली त्याचा पुढचा प्रत्येक प्रयोग प्रश्न विचारण्यासाठीं होता कीं ओढ शमविण्यासाठीं, याचा निवाडा करावा कोणी? चांदण्या रात्रीं एव्हनच्या कांठीं तो वायु घेऊन फिरे, त्या वेळीं तराजू किंवा घड्याळ बरोबर नसे.

डिसेंबर १७९९ मध्यें त्यानें जें केलें तें वाचतांना हंसूं येतें व कांटाहि येतो. एरव्हीं पाणीच पिणाऱ्या या तरुणानें मद्याची एक संबंध बाटली आठ मिनिटांच्या आंत रिचवली, आणि मग मद्याची नशा व वायूची नशा एकत्र झाल्यावर काय होतें तें पाहिलें. जें व्हावयाचें तेंच झालें. ओकारी झाली व डोकें दुखलें. त्यानंतर २६ डिसेंबर रोजीं तो एका हवाबंद पेटींत जाऊन बसला. ठराविक वेळानें वीस वीस क्वार्ट वायु पेटींत सोडला जात होता. सव्वा तासानें तो बाहेर आला, आणि लगेच आणखी वीस क्वार्ट वायु त्यानें पिशवींतून ओढला. डॉक्टर किंगलेक यांनीं त्याच्या तोंडांतली नळी काढून घेतली तेव्हां त्यांचा त्याला राग आला. तो खोलींत येरझारा घालूं लागला, आणि विश्वांत विचारांवांचून दुसरें कांहीं सत्य नाहीं, असें एखाद्या द्रष्ट्याच्या आवेशानें सांगूं लागला. आपल्याकडील वेदान्त्यास यांत नवल वाटणार नाहीं. पण वेदान्ती तेथवर पोंचण्यास पिशवी वापरीत नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं त्याचा अनुभव उतरून जात नाहीं.

याहून भयंकर प्रसंग वेगळाच होता. वॉट आणि बेडोज हे क्षयरोग्यांना ‘हायड्रोकार्बोनेट’ नांवाचा एक वायु पुष्कळ हवेंत मिसळून देत असत. त्यांत मुख्य घटक कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे बंद खोलींत पेटविलेल्या कोळशाच्या शेगडीजवळ झोंपलेल्यांचा बळी घेणारा तोच विषारी वायु. डेव्हीनें तो जवळजवळ शुद्ध घेतला. दोन तीन श्वासांतच छाती सुन्न झाली. पिशवी हातांतून गळून पडली. भान आल्यावर, आपण बहुधा मरत नाहीं, असें त्यानें क्षीण स्वरांत सांगितलें व स्वतःचीच नाडी चांचपून पाहिली. ती सुताच्या धाग्यासारखी बारीक व अतिशय जलद लागत होती. पुढें बराच वेळ ग्लानि, छातींतील वेदना व मळमळ राहिली. जोसेफ कॉटल या ब्रिस्टलच्या प्रकाशकानें आपल्या आठवणींत लिहिलें आहे कीं डेव्ही जणूं दोन तीन जीव शिल्लक असल्याप्रमाणें वागे, आणि सकाळीं तो जिवंत दिसेल कीं नाहीं याची लोकांना धास्ती वाटे.

हा अविचार होता काय? त्याला सहजासहजीं अविचार म्हणतां येत नाहीं. ज्या वायूचा पातळ अंश गरीब रोग्यांच्या फुप्फुसांत रोज सोडला जात होता, त्याची पुरी शक्ति काय आहे, हें कळणें रोग्यांच्या हिताचें होतें. आणि तें कळण्यासाठीं एखाद्या रोग्याला पुढें ढकलण्यापेक्षां डेव्हीनें स्वतः पुढें व्हावें हें अधिक न्यायाचें. मद्याच्या बाटलीच्या प्रयोगांत असा कोणताहि रोगी नव्हता. एकाच मनुष्याचीं हीं दोन कृत्यें. एकांत दुसऱ्याचें भय स्वतःवर घेतलेलें आहे, दुसऱ्यांत केवळ कुतूहल आहे. इतिहासकार बहुधा दोन्हींना एकाच ‘धाडस’ या शब्दांत गुंडाळतात, आणि तेथेंच घोटाळा होतो.

पाहुण्यांची गोष्ट आणखी नाजूक. संध्याकाळीं वायुचिकित्सालयाची खोली बैठकीच्या दिवाणखान्यासारखी होई. कवि येत, व्यापारी येत, तरुण स्त्रियाहि येत. पिशवी तोंडाला लावावयास कोणी कोणावर जबरदस्ती केली नाहीं. परंतु सर्व मित्रमंडळी भोंवतीं उभी आहे, कालच सदीनें स्वर्गाची वार्ता सांगितली आहे, आणि यजमान स्वतः हंसत पिशवी पुढें करीत आहे, अशा वेळीं नको म्हणणारास भित्रा ठरण्याची भीति असतेच. कॉटलनें सांगितलें आहे कीं एक तरुण स्त्री वायु घेतांच खोलींतून धांवत सुटली, रस्त्यावर गेली, आणि वाटेंत आडव्या आलेल्या एका मोठ्या कुत्र्यावरून उडी मारून पुढें पळाली. अखेर मंडळींनीं पाठलाग करून तिला धरलें. बैठकींत हंसा पिकला असेल. पण शुद्धीवर आल्यावर, भर रस्त्यांत आपण काय केलें हें दुसऱ्यांच्या तोंडून ऐकणाऱ्या त्या मुलीला कसें वाटलें, हें कोणी लिहून ठेवलेलें नाहीं. कवींना जें वाटलें त्यासाठीं मात्र छापील पानें आहेत.

आज आपल्याला जें ठाऊक आहे तें त्या मंडळींना ठाऊक नव्हतें. ऑक्सिजनवांचून हा वायु ओढीत राहिल्यास मेंदूला प्राणवायूचा तोटा पडतो. ओंठ निळे पडतात ते त्यामुळेंच. आणि वारंवार घेतल्यास शरीरांतील बी-बारा हें जीवनसत्त्व निकामी होऊन मज्जातंतूंना इजा होते. ज्यांना झिणझिणी हें सुखाचें लक्षण वाटत होतें, त्यांच्या ध्यानांत हें येणें शक्यच नव्हतें.

डेव्हीचा ग्रंथ १८०० सालीं प्रसिद्ध झाला. त्याची पृष्ठें साडेपांचशेंहून अधिक आहेत. वायु कसा करावा, त्याचीं मापें, प्राण्यांवरील प्रयोग, आणि मग मित्रांच्या साक्षी. ग्रंथाच्या शेवटाकडे, जेथें वाचक थकलेला असतो तेथें, एक लहानसें विधान आहे. हा वायु शरीराची वेदना नाहींशी करूं शकतो असें दिसतें. तेव्हां ज्या शस्त्रक्रियेंत फार रक्तस्राव होत नाहीं अशा शस्त्रक्रियेंत त्याचा उपयोग होऊं शकेल, असा त्याचा आशय. अक्कलदाढेजवळची हिरडी सुजली असतां वायु घेतल्याबरोबर दुःख थांबल्याचा त्याचा स्वतःचा अनुभव या विधानामागें होता. एवढें लिहून डेव्ही पुढें गेला. मार्च १८०१ मध्यें तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें दाखल झाला, विजेच्या प्रयोगांत रमला, सोडियम व पोटॅशियम हीं मूलद्रव्यें त्यानें वेगळीं काढलीं, आणि त्या विधानाकडे त्यानें पुन्हां वळून पाहिलें नाहीं.

या ठिकाणीं मन खरोखर थबकतें. त्या मंडळींत वेदनेविषयीं विचार करणारे लोक नव्हते असें नाहीं. फेब्रुवारी १८०१ मध्यें कोलरिजनेंच डेव्हीला पत्र लिहून विचारलें कीं कार्लाइल या शस्त्रवैद्यानें वेदनेसंबंधीं कांहीं प्रसिद्ध केलें आहे काय; आपल्याला वेदना या विषयावर कोणीतरी लिहिलेलें कांहीं वाचावयाचें आहे. म्हणजे एकाला प्रश्न पडला होता, दुसऱ्याच्या ग्रंथांत उत्तराचें बीज होतें, आणि दोघे जिवलग मित्र. त्याहून आश्चर्य १८०३ सालचें. कोलरिज व टॉम वेजवूड या दोघा दुखणाईतांनीं भांग मिळवून ती घेऊन पाहण्याचा बेत केला. हो, आपल्याकडील भांगच. सर जोसेफ बँक्स या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ओळखीनें तिची पुडी टपालानें आली. पुडीबरोबर बँक्सची माहितीहि होती. तींत स्पष्ट म्हटलें होतें कीं उत्तर आफ्रिकेंत ज्या गुन्हेगारांचे हातपाय तोडावयाचे असतात ते मिळेल तेथून ही भांग घेतात, आणि तिच्यामुळें ते तें क्रूर कर्म सहन करूं शकतात. युरोपांतील कुशल शस्त्रवैद्याची सुरी आपण इतकी सोसूं शकत नाहीं. अक्षरें डोळ्यांसमोर होतीं. कोलरिजनें उत्सुकतेनें लिहिलें तें मात्र भांगेची नीट परीक्षा घेऊन पाहण्याविषयीं.

स्वतःवरील प्रयोगाचा खरा दोष येथें उघडा पडतो. जिवाला धोका हा त्यांतला लहान दोष. मोठा दोष हा कीं मनुष्य स्वतःच्या आंत डोकावतो तेव्हां जें शोधावयास निघाला असेल तेंच त्याला दिसतें. ब्रिस्टलच्या मंडळींना नवें सुख हवें होतें, विचाराला नवे पंख हवे होते. त्यांना सुख सांपडलें, आणि त्या सुखाशेजारींच पडलेली वेदनेवरची मात्रा त्यांनीं उचलली नाहीं. सर्व अपराध त्यांच्या माथीं मारणें मात्र अन्यायाचें होईल. त्या काळच्या कित्येक शस्त्रवैद्यांना वेदना ही रोग्याला जागृत ठेवणारी उपयुक्त शक्ति वाटे, आणि गुंगींतला रोगी त्यांना मरणाजवळचा वाटे. डेव्हीचें विधान त्यांच्यापैकीं कोणी वाचलें असतें तरी सुरी तशीच चालली असती, असें म्हणण्यास जागा आहे. तरीहि ३० सप्टेंबर १८११ रोजीं पॅरिसमध्यें फॅनी बर्नी या इंग्रज कादंबरीकर्त्रीचें स्तन कापून काढण्यांत आलें तें ती पूर्ण शुद्धीवर असतांना, आणि तिनें मागाहून बहिणीला लिहिलेलें त्याचें वर्णन आज वाचवत नाहीं. डेव्हीचा ग्रंथ त्या वेळीं अकरा वर्षांचा होता.

वायूचें गांभीर्य जाण्यास त्याची कीर्तिहि कारण झाली. हास्य व कविता यांच्या संगतींत जें जन्मलें त्याकडे लोक हंसूनच पाहणार. पॉलव्हील नांवाच्या कॉर्नवॉलच्या एका पाद्र्यानें १८०० सालीं या मंडळींची टवाळी करणारें काव्य छापलें. बेडोज यांचे राजकीय शत्रु पुष्कळ होते. क्रांतीचे मित्र आतां नशेचे मित्र ठरले. १८०२ सालीं गिलरे या प्रसिद्ध व्यंगचित्रकारानें रॉयल इन्स्टिट्यूशनमधील प्रयोगाचें चित्र काढलें. त्यांत एक भारदस्त सरदार वायु ओढीत आहे, त्याचा परिणाम भलत्याच वाटेनें बाहेर पडत आहे, आणि हातांत भाता घेऊन डेव्ही मिस्किल हंसत उभा आहे. कलेनें शास्त्राला आधीं शब्द दिले होते, आतां तिनें त्याचा विदूषक केला. पुढचीं चाळीस वर्षें हास्यवायु जत्रेंत व तमाशांत राहिला. तिकीट काढून लोक तो घेत व धडपडत, आणि बाकीचे पाहून हंसत.

असाच एक खेळ १० डिसेंबर १८४४ रोजीं अमेरिकेंत हार्टफर्ड गांवीं कोल्टन नांवाच्या मनुष्यानें केला. प्रेक्षकांत होरेस वेल्स हा तरुण दंतवैद्य बसला होता. वायु घेतलेला एक मनुष्य धडपडला, त्याच्या पायाला जखम झाली, आणि तो जागेवर येऊन बसला तरी आपल्याला लागलें आहे हें त्याला ठाऊक नव्हतें. इतर हंसत होते. वेल्सनें पाय पाहिला. दुसऱ्याच दिवशीं त्यानें कोल्टनला बोलावून वायु घेतला व रिग्ज या सहकाऱ्याकडून स्वतःची दाढ उपटून घेतली. वेदना झाली नाहीं. हाहि स्वतःवरील प्रयोगच. परंतु येथें प्रश्न अगोदर ठरलेला होता, दाढ काढणारा दुसराच होता, आणि उत्तर उपटलेल्या दाढेच्या रूपानें सर्वांच्या समोर होतें. जानेवारी १८४५ मध्यें बॉस्टन येथें डॉक्टरांपुढें त्यानें तो प्रयोग केला तेव्हां वायु पुरेसा दिला गेला नाहीं, रोगी ओरडला, आणि वेल्सची हुर्यो झाली. १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं त्याच शहरांत मॉर्टन यानें ईथरची भूल देऊन यश मिळविलें.

वेल्सचा शेवट डेव्हीपेक्षां फार वेगळा झाला. नोव्हेंबर १८४७ मध्यें क्लोरोफॉर्मचा गुण प्रसिद्ध झाला. न्यू यॉर्कला गेलेल्या वेल्सनें त्याचेहि प्रयोग स्वतःवरच सुरू केले, या खेपेस एकट्यानें. कांहीं दिवस तो सारखा क्लोरोफॉर्म हुंगीत राहिला, आणि जानेवारी १८४८ मध्यें भ्रमिष्ट अवस्थेंत त्यानें रस्त्यावरून जाणाऱ्या स्त्रियांवर तेजाब फेंकलें. प्रयोग स्वतःच्या देहावर होता, पण भाजला तो परक्यांचा देह. शुद्धीवर आल्यावर आपण काय केलें हें त्याला समजलें, आणि २४ जानेवारी रोजीं तुरुंगांतच त्यानें आपला अंत करून घेतला. त्याचें वय तेहतीस वर्षांचें होतें.

खेळ करणाऱ्या कोल्टननेंच १८६३ पासून दांत काढण्याच्या कामीं हास्यवायु पुन्हां रूढ केला. १८६८ सालीं शिकागोचे डॉक्टर एडमंड अँड्र्यूज यांनीं त्यांत ऑक्सिजन मिसळून देण्याची रीत सुचविली, तेव्हां ओंठ निळे पडण्याचें भय संपलें. आज दंतवैद्यांकडे व पुष्कळ देशांतील प्रसूतिगृहांत तो अशाच मिश्रणानें दिला जातो, आणि तो घेणाऱ्याच्या नाडीवर दुसऱ्या कोणाचा तरी हात असतो.